अनुभव धागा: अडखळत बोलताना

२२ ऑक्टोबर हा दिवस १९९८ पासून तोतरेपणाविषयीच्या जागृतीसाठी जगभर पाळला जातो. त्या निमित्तानं हा धागा काढतेय. शंभरात साधारण एक माणूस अडखळत बोलतो, म्हणजे नुसत्या महाराष्ट्रात दहा लाखांच्या घरात लोक झाले. मोठ्यांमध्ये साधारण चार पुरुषांमागे एक बाई, त्यामुळे माझ्यासारखं बोलणारी दुसरी बाई मला फार उशिरा भेटली. स्वतः अडखळणारे, त्यांचे आईवडील, नवरा-बायको, शिक्षक, सगळ्यांनी लिहा. 'आत्मविश्वास वाढवा' एवढंच लिहू नका. कशानं सोपं गेलं, कशानं जास्त अवघड झालं, ते सविस्तर येऊ द्या.

सुरुवात मीच करते. माझ्या लग्नात उखाण्याचा आग्रह झाला. ओळी सरळ आल्या. लयीत म्हटलं की बहुतेकांचं अडत नाही. आरती म्हणताना, वर्गात सगळ्यांबरोबर पाढे म्हणताना मीही कधी अडले नव्हते. पण शेवटी 'प'वरून सुरू होणारं नाव आलं आणि मिटलेले ओठ उघडेचनात. 'लाजली गं, लाजली' म्हणत बायका हसायला लागल्या. नवऱ्याला मी साखरपुड्याआधीच सांगून ठेवलं होतं. तो शेजारी शांत उभा राहिला, माझ्याकडे बघत. नाव त्यानं पुरवलं नाही. ते माझं मीच घेतलं, वेळ लागला तरी. आजही तो माझं वाक्य पुरं करत नाही, आणि त्याचा हा गुण मला सगळ्यात जास्त आवडतो.

पुण्याहून, आयटीतला नोकरदार

स्वारगेटहून कात्रजला जायचं असलं तरी मी भारती विद्यापीठाचं तिकीट काढायचो आणि पुढे चालत जायचो. 'क' निघायचाच नाही. शब्द बदलायची सवय इतकी अंगवळणी पडली होती की ऑफिसात कोणाला माझं अडखळणं माहीतच नव्हतं. मी घुम्या आहे, एवढंच सगळ्यांचं मत. मीटिंगमध्ये उत्तर येत असूनही 'बघून सांगतो' म्हणायचो. स्वतःचं नाव तेवढं बदलता येत नाही, म्हणून ओळख करून द्यायची वेळ आली की पोटात गोळा.

आधी एका 'हमखास बरे व्हाल' वर्गाला पैसे भरले. तिथे बोटानं मांडीवर ठेका धरून एकेक अक्षर सुटं बोलायला लावायचे. वर्गात गाडी सुसाट. घरी पहिला फोन आला आणि सगळं गायब. असे वर्ग अजूनही चालतात, आणि हताश आईबाप त्यात पैसे घालतात, याचा मला मनापासून राग येतो.

फरक पडला तो 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'च्या (सगळे तिला 'तीसा' म्हणतात) स्वमदत गटात. तिथे पहिल्यांदा कळलं की अडखळणं थांबवण्यापेक्षा ते लपवणं थांबवायचं. मग मुद्दाम अडखळायचा सराव केला. दुकानात जाऊन, जो शब्द सहज येतो त्याच्यावरच, 'सा सा साखर' असं शांतपणे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. पहिल्या वेळी घाम फुटला. दुकानदारानं साखर दिली आणि सुटे पैसे मागितले, बस.

दुसरी गोष्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या पद्धतीतली. ते अमेरिकेतले वाचातज्ज्ञ, स्वतःही अडखळायचे. 'क' अडतो तेव्हा जिभेचा मागचा भाग टाळूला घट्ट चिकटलेला असतो. पूर्वी मी आणखी जोर लावायचो, मान झटकायचो. आता तिथेच थांबतो, कुठे दाब आलाय ते जाणवू देतो, तो सैल करतो आणि मग 'काऽत्रज' असा शब्द हळूच सोडतो. अडखळणं गेलेलं नाही. पण तिकीट कात्रजचंच काढतो.

कोल्हापूरहून, एक आई

आमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना अचानक 'म म म मला' सुरू झालं. सासूबाईंनी वेखंड उगाळून मधातून चाटवलं. शेजारच्या काकूंनी तोंडात गोटी ठेवून बोलायला लावा म्हणून सांगितलं, ते मी होऊ दिलं नाही. घशात अडकली असती तर?

स्पीच थेरपिस्टनी आधी आम्हा मोठ्यांचंच बोलणं ऐकलं. आम्ही त्याला प्रश्नावर प्रश्न विचारत होतो, आणि अडला की 'हळू बोल', 'नीट सांग'. ते दोन्ही बंद करायला सांगितलं. रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी, मोबाईल बाजूला. आपण संथ बोलायचं, त्याचं बोलणं संपलं की क्षणभर थांबून मग उत्तर द्यायचं. माझ्या सासऱ्यांना तर हे फार जड गेलं, पण नातवासाठी त्यांनी केलं. बहुतेक लहान मुलांचं अडखळणं आपोआप जातं, पण घराण्यात कोणाला असेल किंवा सहा महिने-वर्ष उलटलं तर वाट बघू नका, असंही त्या म्हणाल्या. माझे वडील अडखळतात, म्हणून आम्ही लवकर गेलो.

मुलगा आता दुसरीत आहे. अजून अधूनमधून अडखळतो. शाळेत कोण काय म्हणालं ते मात्र घरी येऊन शेवटपर्यंत सांगतो.

सांगलीहून, निवृत्त बँक कर्मचारी

वरचं वाचून राहवलं नाही. मी बढती नाकारली, कारण शाखाधिकाऱ्याला दर बैठकीत उभं राहून आकडे सांगावे लागत. घरी कारण दिलं बदलीचं. आमच्या काळी यावर बोलतच नसत. फोनची रिंग वाजली की मी जागेवरून उठून जायचो. बाकी काही लिहीत नाही, फक्त तरुणांनी आताच बोलावं एवढं वाटतं.

नगर जिल्ह्यातून, शिक्षिका

प्रकट वाचनाला मी आता क्रमानं उठवत नाही. आपली पाळी येईपर्यंत अडखळणारं मूल परिच्छेद मोजत बसतं, त्याच्या कानावर धडा पडतच नाही. त्याला आधी बाजूला विचारते: एकट्यानं वाचशील की जोडीनं? दोघांनी एकसाथ वाचलं की बहुतेकदा अडत नाही. काही महिन्यांनी ती मुलं आपणहून एकट्यानं वाचायचं म्हणतात. हसणाऱ्यांना मी लगेच, सगळ्यांसमोर थांबवते.

लातूरहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

पुढच्या महिन्यात कॅम्पस इंटरव्ह्यू आहे. पहिलाच प्रश्न 'टेल मी अबाउट युवरसेल्फ', म्हणजे पहिला शब्द नाव. काय करू?

धागाकर्ती

अरे, नावाआधी एक वाक्य टाक: 'मी अडखळत बोलतो, मला थोडा वेळ लागेल.' सांगून टाकलं की लपवायचं ओझं उतरतं आणि समोरचाही गोंधळत नाही. हे वाक्य घरी आरशासमोर नको, माणसांसमोर म्हण. आधी मित्र, मग कॉलेजचं ऑफिस, मग अनोळखी रिक्षावाले. नाव अडलं तर अडू दे, नजर खाली घालू नकोस. प्लेसमेंटच्या सरांना आधी ईमेल करून ठेव. थेरपी हवी असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. तीसाचे गट ऑनलाइनही भेटतात, तिथे मॉक इंटरव्ह्यू घ्यायला सांग. मीही घेईन, संपर्कातून कळव. आणि इंटरव्ह्यू कसा झाला ते इथेच लिही.