टास्कबारवरील सर्च बॉक्समध्ये आपल्या पसंतीचे सर्च इंजिन बसवता येते का?

लेखनिक_सिव्हिललाइन्स:

नमस्कार. नागपुरात सिव्हिल लाइन्स भागात माझे मराठी व इंग्रजी टंकलेखनाचे छोटे कार्यालय आहे. तीन संगणक आहेत. दोनांवर विंडोज ११ प्रो आणि एकावर विंडोज ११ होम. तिन्हींवर फायरफॉक्स हा डीफॉल्ट ब्राउझर ठेवलेला असून त्यात गूगल हे सर्च इंजिन निवडलेले आहे, कारण आमच्या नेहमीच्या संकेतस्थळांचे लॉगिन, खुणा (बुकमार्क) आणि इतकी वर्षे अंगवळणी पडलेली शोधण्याची पद्धत सर्व तिथेच आहे.

प्रश्न टास्कबारवरील सर्च बॉक्सचा आहे. परवा एक पक्षकार समोर बसलेले असताना माझ्या सहकारी ताईंनी विंडोजची कळ दाबून ‘भाडेकरार’ असे लिहिले आणि घाईत, फाइलीच्या नावाऐवजी त्याखालच्या वेबशोधाच्या ओळीवर एंटर दाबले. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये त्यांच्याच बिंग या सर्च इंजिनचे पान उघडले. चूक घाईची होती, हे मान्य. परंतु वेबवरच शोधायचे असेल, तर निदान ते फायरफॉक्समध्ये आणि गूगलवर तरी शोधले जावे, एवढी माझी अपेक्षा आहे.

मी आतापर्यंत दोन गोष्टी करून पाहिल्या. एजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अ‍ॅड्रेस बार अँड सर्च’ येथे बिंगऐवजी गूगल निवडले. सर्च बॉक्समध्ये काहीही फरक पडला नाही. नंतर एका अनोळखी संकेतस्थळावरून ‘सर्च इंजिन बदलून देणारे’ म्हणून एक सॉफ्टवेअर उतरवले, त्याने फायरफॉक्सचेच मुखपृष्ठ बदलून टाकले आणि ते काढण्यात माझी अख्खी दुपार गेली. यावर सरळ, खात्रीचा उपाय आहे का?

तंत्रमित्र_धरमपेठ:

नमस्कार. सरळ उत्तर असे की, भारतात वापरल्या जाणाऱ्या विंडोजमध्ये त्या सर्च बॉक्सचे सर्च इंजिन बदलण्याची सेटिंग दिलेलीच नाही. आपण एजमध्ये केलेला बदल योग्य जागी झाला आहे, फक्त तो एजच्या अ‍ॅड्रेस बारपुरता आहे; टास्कबारचा बॉक्स त्याकडे पाहत नाही.

याचे कारण समजून घेतले, तर पुढचे उपाय निवडणे सोपे जाईल. विंडोजमध्ये डीफॉल्ट ब्राउझर ठरवताना आपण प्रत्यक्षात एवढेच ठरवतो, की ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ या उपसर्गाने सुरू होणारे दुवे कोणत्या प्रोग्रामने उघडावेत. सर्च बॉक्समधून निघणाऱ्या वेबच्या दुव्याला मात्र ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ असा वेगळाच उपसर्ग लावलेला असतो. पाकिटावरच नाव दुसऱ्याचे असल्यावर पोस्टमन ते आपल्या घरी कसे टाकणार? दुवा एजकडेच जातो, आणि त्याच्या आतला पत्ता बिंगचा असतो. म्हणजे येथे ब्राउझर आणि सर्च इंजिन अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी बांधलेल्या आहेत, आणि अनेकांचा गोंधळ होतो तो या दोन्ही एकच समजल्यामुळे.

हे पहिल्यापासून असेच नव्हते. २०१५ च्या जुलैमध्ये विंडोज १० आले, तेव्हा हा बॉक्स कोर्टाना या मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल सहायकाच्या नावाने होता, आणि बिंगचा पत्ता गूगलच्या पत्त्यात बदलून देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन्स तेव्हा बऱ्यापैकी चालत असत. एप्रिल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की यापुढे कोर्टानाचा शोध एज आणि बिंग यांच्यामार्फतच चालेल. त्यावर उतारा म्हणून २०१७ मध्ये एजडिफ्लेक्टर नावाचा छोटा प्रोग्राम आला. तो ‘मायक्रोसॉफ्ट-एज’ या उपसर्गाचा मालक म्हणून स्वतःची नोंद करून घेत असे आणि दुवा साध्या रूपात डीफॉल्ट ब्राउझरकडे पाठवत असे. २०२१ च्या अखेरीस विंडोज ११ मध्ये ही वाटही बंद झाली. त्यामुळे जुन्या लेखांत त्याचे नाव आढळले, तरी त्यामागे वेळ घालवू नये.

माझे मत विचाराल, तर आपण प्रश्न थोडा फिरवून घ्यावा. आपल्या कार्यालयात त्या बॉक्सचे खरे काम फाइली शोधणे हे आहे. तेव्हा त्यातील वेबचे निकाल पूर्ण बंद करून टाकावेत आणि वेबशोधासाठी वेगळी, एका कळीची वाट करून घ्यावी.

रजिस्ट्रीवाला_नंदनवन:

वरील मताशी मी सहमत आहे. वेबचे निकाल बंद करण्याची कृती लिहितो. नावे येथे देवनागरीत देत आहे, टंकताना मात्र ती रोमन लिपीत लिहावी लागतील.

ज्या दोन संगणकांवर विंडोज प्रो आहे, तेथे ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवण्याचे साधन) उघडून ‘यूजर कॉन्फिगरेशन’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘फाइल एक्सप्लोरर’ असे आत जावे. तेथे फाइल एक्सप्लोररच्या सर्च बॉक्समधील अलीकडच्या शोधनोंदी दाखवणे बंद करण्याविषयीची एक पॉलिसी दिसेल. तिच्या नावावरून तिचा वेबशोधाशी काही संबंध असेल असे कोणालाही वाटणार नाही, पण स्टार्ट मेन्यूतील वेबचे निकाल तिनेच थांबतात. ती ‘एनेबल्ड’ करावी. पॉलिसीचे नावच ‘टर्न ऑफ’ने सुरू होत असल्यामुळे पुष्कळ जण ती ‘डिसेबल्ड’ करून ठेवतात आणि मग काही झाले नाही म्हणतात.

होम आवृत्तीत हा एडिटर नसतो, म्हणून तेथे रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, बदलणारा रजिस्ट्री एडिटर वापरावा लागेल. आधी रजिस्ट्रीची प्रत फाइल मेन्यूतून एक्सपोर्ट करून ठेवावी, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. मग ‘एचकी करंट यूजर’, त्यात ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘पॉलिसीज’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’ येथपर्यंत जावे. आत ‘एक्सप्लोरर’ नावाची ‘की’ (फोल्डरसारखा कप्पा) नसेल, तर ती तयार करावी. त्या कीमध्ये ३२ बिटांची डीवर्ड व्हॅल्यू निर्माण करून तिला ‘डिसेबल’, ‘सर्च’, ‘बॉक्स’, ‘सजेशन्स’ हे चार शब्द मध्ये जागा न सोडता जोडून नाव द्यावे आणि किंमत १ ठेवावी. संगणक पुन्हा सुरू केल्यावर बॉक्समध्ये केवळ आपले प्रोग्राम, सेटिंग्ज आणि फाइली दिसतील. याचा एक परिणाम असा, की फाइल एक्सप्लोररमध्ये पूर्वी शोधलेले शब्दही यापुढे सुचवले जाणार नाहीत. पूर्ववत करायचे झाल्यास ती एक व्हॅल्यू पुसून टाकणे पुरेसे आहे.

लेखनिक_सिव्हिललाइन्स:

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. काल संध्याकाळी कार्यालय बंद करून, कूलरसमोर बसून हे सर्व केले. होम आवृत्तीच्या संगणकावर पहिल्या वेळी काहीच घडले नाही. पुन्हा नीट पाहिले तेव्हा लक्षात आले, की ‘सजेशन्स’ऐवजी मी ‘सजेशन’ असे एकवचन लिहिले होते. दिवसभर दुसऱ्यांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाकडून एक अक्षर सुटले. ते दुरुस्त करताच काम झाले. एका प्रो संगणकावरही पॉलिसी लागू झाली.

अडचण तिसऱ्या संगणकाची आहे. तो ताईंच्या वापरात असतो आणि त्यांचे खाते मुद्दामच साधे, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेले ठेवले आहे. त्यांच्या खात्यात असताना मी रजिस्ट्री एडिटर उघडला, विचारल्यावर माझा अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला, नोंद अगदी बरोबर केली, संगणक दोनदा बंद-चालू केला. माझ्या खात्यात वेबचे निकाल गेले. ताईंच्या खात्यात ते जसेच्या तसे आहेत. नोंद तर मी त्यांच्याच खात्यात बसून केली होती.

रजिस्ट्रीवाला_नंदनवन:

हा खड्डा सांगायचा माझ्याकडून राहून गेला, क्षमस्व. आपण ताईंच्या खात्यात बसला होतात हे खरे, पण ज्या क्षणी आपण आपला पासवर्ड दिला, त्या क्षणी रजिस्ट्री एडिटर आपल्या नावाने चालू झाला. ‘एचकी करंट यूजर’ याचा अर्थ ‘समोर बसलेला माणूस’ असा नसून ‘हा प्रोग्राम ज्याच्या नावाने चालू आहे तो’ असा आहे. त्यामुळे नोंद झाली ती आपल्याच खात्यात. दुसरीकडे, ‘पॉलिसीज’ या कीमध्ये लिहिण्याचा अधिकार साध्या खात्याला स्वतःच्या भागातही नसतो, त्यामुळे पासवर्डशिवायही चालत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. ताईंच्या खात्यात, अ‍ॅडमिन न होता, कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हू अ‍ॅम आय’ हे तीन शब्द जोडून लिहावेत, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून ‘यूजर’ लिहावे, मग एंटर दाबावे. एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिसेल. ती त्या खात्याची ओळख. मग आपल्या पासवर्डने रजिस्ट्री एडिटर उघडून ‘एचकी यूजर्स’मध्ये तोच क्रमांक शोधावा आणि त्याच्या आत ‘सॉफ्टवेअर’पासून पुढे आधीप्रमाणेच जावे. ताईंचे खाते लॉगिन केलेले असतानाच हे करावे, अन्यथा तो क्रमांक यादीत दिसणारच नाही.

क्रमांकांच्या जंगलात शिरायचे नसेल, तर त्यांचे खाते पाच मिनिटांसाठी अ‍ॅडमिन करावे, साइन आउट करून पुन्हा आत यावे, नोंद करावी आणि खाते परत साधे करून टाकावे. केलेली नोंद तशीच राहते. मी स्वतः पहिला मार्ग पत्करतो, कारण खाते परत साधे करायचे विसरलेली माणसे मी पाहिली आहेत.

जिज्ञासू_महाल:

मला येथे एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. युरोपात ही सक्ती राहिलेली नाही, असे वाचले होते. मग संगणकाचा प्रदेश जर्मनी किंवा फ्रान्स ठेवला तर? शिवाय एमएसएजरीडायरेक्ट नावाचा प्रोग्रामही यासाठी सुचवला जातो.

तंत्रमित्र_धरमपेठ:

आपण वाचले ते बरोबर आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याची बंधने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाली आणि त्यामुळे युरोपीय आर्थिक क्षेत्रातील विंडोजमध्ये एज काढून टाकण्याची, तसेच सर्च बॉक्समधील बिंग बंद करण्याची किंवा दुसरा पुरवठादार जोडण्याची सोय द्यावी लागली. मात्र यासाठी विंडोज पाहते तो प्रदेश संगणक पहिल्यांदा सुरू करताना निवडलेला असतो. नंतर सेटिंग्जमध्ये देश बदलून उपयोग नाही, त्यासाठी संगणक रीसेट करावा लागतो. चालत्या कार्यालयातील संगणक केवळ एवढ्यासाठी रीसेट करून कागदोपत्री जर्मनीला पाठवणे मला तरी पटत नाही.

एमएसएजरीडायरेक्टचे म्हणाल, तर ते काम करते. एज सुरू होताना त्याला मिळणारा आदेश ते वाचते, त्यातील दुवा वेगळा काढते आणि डीफॉल्ट ब्राउझरकडे देते. बिंगच्या जागी दुसरे सर्च इंजिन घालण्याचा पर्यायही त्यात आहे. म्हणजे मूळ प्रश्नाचे शब्दशः उत्तर हवे असेल, तर ते हेच. घरच्या संगणकावर हौसेने जरूर वापरावे. पण विंडोजच्या अपडेटने एजडिफ्लेक्टरचे काय झाले ते आपण पाहिले आहे, आणि दुसऱ्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयात एक जादा प्रोग्राम सांभाळत बसण्यापेक्षा एक नोंद करून मोकळे होणे मला बरे वाटते. तरीही घ्यायचेच असेल, तर ते गिटहब या प्रोग्राम प्रकाशित करण्याच्या संकेतस्थळावरील मूळ पानावरूनच घ्यावे.

आता वेबशोधासाठी एका कळीची वाट. फायरफॉक्स टास्कबारवर पिन करून डावीकडून पहिल्या जागी ओढावा. विंडोजची कळ आणि १ एकत्र दाबले की तो समोर येईल, कंट्रोल आणि टी दाबले की नवा टॅब उघडेल, आणि कर्सर आपोआप अ‍ॅड्रेस बारमध्ये असेल. तेथे लिहिलेले थेट गूगलवर शोधले जाते. याहून जवळची वाट हवी असल्यास मायक्रोसॉफ्टचेच पॉवरटॉइज हा जादा सोयींचा मोफत संच घ्यावा. त्यातील पॉवरटॉइज रन ऑल्ट आणि स्पेसबार यांनी उघडते. सुरुवातीला दोन प्रश्नचिन्हे देऊन पुढे शब्द लिहिले, की ते डीफॉल्ट ब्राउझरमध्ये आणि त्याच्या सर्च इंजिनवर शोधते. टास्कबारच्या बॉक्समध्ये आपल्याला हवी असलेली सोय त्याच कंपनीच्या दुसऱ्या खिडकीत तयार मिळते, हे थोडे गमतीचे आहे खरे.

लेखनिक_सिव्हिललाइन्स:

क्रमांकाच्या मार्गाने नोंद केली. ‘एचकी यूजर्स’मध्ये एकसारखे दिसणारे दोन लांब क्रमांक होते, म्हणून शेवटचे चार अंक कागदावर लिहून घेऊन जुळवले. ताईंच्या खात्यातही वेबची ओळ गेली. आज सकाळी त्यांनी ‘भाडेकरार’ लिहिले, तेव्हा यादीत आमच्याच चार फाइली होत्या आणि खाली काहीही नव्हते.

पॉवरटॉइज माझ्या संगणकावर घेतले आहे. ताईंना मात्र विंडोज आणि १ हेच सोपे वाटले, कारण दोन प्रश्नचिन्हे देण्यासाठी मराठी कीबोर्डवरून इंग्रजीवर यावे लागते आणि परत मराठीवर जावे लागते. एजमधील गूगलची निवडही राहू दिली आहे; मेलमधला एखादा दुवा एजमध्ये उघडलाच, तर तिथला अ‍ॅड्रेस बार तरी ओळखीचा असेल.