मदत हवी आहे : हेल्मेटचा मुखवटा अर्ध्यावरच अडकतो

अर्धवट_प्रकल्प :
आयर्न मॅनच्या धर्तीवर केलेल्या हेल्मेटचा पुढचा मुखवटा बटण दाबताच वर जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. कानशिलांपाशी दोन सर्वो मोटरी (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणाऱ्या छोट्या मोटरी) बसवल्या आहेत. मुखवटा अर्ध्यावर येतो, थरथरतो आणि धप्पकन खाली पडतो. मग सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रोग्राम तीनदा तपासला आहे. शनिवारी पोशाख घालायचा आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

जुना_रेडिओ :
मोटर कोणती, मुखवट्याचे वजन किती आणि वीज कुठून घेतली आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नाडी न दाखवता औषध कसे मागता?

फोमवाली :
मुखवटा थ्रीडी प्रिंटचा असणार, म्हणजे जड असणार. मी ५ मिलिमीटरच्या ईव्हीए फोमला हीट गनने आकार देऊन मुखवटा केला आणि तो एकाच छोट्या मोटरीवर उघडतो.

अर्धवट_प्रकल्प :
फोम नको. प्रिंटला ३१ तास लागले असून पुट्टी घासून रंगही झाला आहे. मोटरी एसजी९०, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर २१० ग्रॅम. मोटरी चालवणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडली आहे, तीही नवीकोरी. मोटरींच्या लाल तारा नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवर आहेत.

जुना_रेडिओ :
मग चूक त्या पिनेत आहे. मुखवट्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ८ सेंटिमीटरवर धरला, तर तो बिजागरीच्या पातळीत येताच सुमारे १.७ किलो-सेंटिमीटर जोर लागतो, आणि तेच आपले 'अर्ध्यावर'. एसजी९० ४.८ व्होल्टवर साधारण १.८ देते, म्हणजे दोन मोटरी कागदावर पुरतात. परंतु अडलेली प्रत्येक मोटर अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, तो ना त्या बॅटरीला झेपतो ना नॅनोवरील रेग्युलेटरला (बॅटरीचे व्होल्टेज ५ वर आणणाऱ्या भागाला), व्होल्टेज कोसळते आणि नॅनो रीसेट होतो. मोटरींना रिचार्जेबल पेन्सिल सेल चार, एकसर जोडून, स्वतंत्र द्यावेत. ऋण तार मात्र नॅनोच्या ग्राउंडला जोडावीच.

ठाणेकर :
डोळ्यांसाठी पांढरे एलईडी घेणार असाल, तर मागे ट्रेसिंग पेपर लावावा. प्रकाश सुंदर पसरतो.

अर्धवट_प्रकल्प :
डोळ्यांविषयी मी विचारलेलेच नाही.

फोमवाली :
रेडिओसाहेबांचा हिशेब घर्षण शून्य धरून केलेला आहे. मोटरींच्या भुजा सोडवून मुखवटा एका बोटाने उचलून पाहिला का?

जुना_रेडिओ :
घर्षणाने नॅनो रीसेट होत नाही, ताई.

फोमवाली :
घर्षणाने मोटर अडते आणि अडलेली मोटर प्रवाह ओढते, हे आपणच वर लिहिले आहे.

अर्धवट_प्रकल्प :
आत्ता भुजा सोडवून पाहिले. डाव्या बिजागरीत रंगाचा थर जाऊन बसला होता आणि बोटानेही मुखवटा कुरकुरत वर जात होता. पॉलिश पेपरने तो घासला, पेन्सिल सेलही जोडले; सलग बारा वेळा मुखवटा पूर्ण उघडला आणि रीसेट एकदाही झाला नाही. आता बंद केल्यावर हनुवटीपाशी ३ मिलिमीटरची फट राहते.

फोमवाली :
आतून निओडायमियमची दोन बारीक चुंबके लावावीत. एकच लावून आधी उघडून पाहावे, नाहीतर मोटरींना तेही ओझे होईल.