भांगेवर बिअर घेतल्यावर मावसभाऊ दोन तास शुद्धीत नव्हता. नेमकं काय झालं असेल?

वर्धा_रोड

धुळवडीची गोष्ट. नागपूरला मावशीच्या गच्चीवर आम्ही आठ-दहा पोरं होतो. ठंडाईत भांग होती, आमच्यातल्याच एकाने घोटलेली. किती घातली ते कुणी मोजलं नाही. साडेअकराला सगळ्यांनी एकेक ग्लास घेतला. माझा मावसभाऊ, वय २२, बारा वाजता म्हणाला, "मला तर काहीच चढली नाही बे," आणि वर अर्धा ग्लास घेतला. मग आदल्या दिवशी आणून ठेवलेली बिअर निघाली. दीड तासात त्याने तीन बाटल्या संपवल्या. ऊन मरणाचं, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही.

पावणेदोनला टाकीला टेकून बसला होता, उठायला गेला आणि धाडकन खाली. चेहरा पांढराफटक, दरदरून घाम, हात गार. आधी "छाती धडधडते, मी मरतो" म्हणत होता, मग बोलणंच बंद. एकाने तोंडात लिंबू पिळायला घेतलं. दुसरा म्हणे लोणचं चाटवा. शेवटी खोलीत उताणा टाकला. "झोपू दे, उतरेल." दोन तास मी शेजारी बसून त्याचा श्वास बघत होतो. एकदा ओकला, तेव्हा मी मान वळवली. दवाखान्यात नेऊ असं तीनदा म्हणालो. पोलिसांचं लफडं होईल, मावशीला कळेल, म्हणून सगळे नको म्हणाले, आणि मी ऐकलं.

तो आता ठीक आहे. मला मात्र रात्री तीच खोली दिसते. तीन बिअर तो एरवी पचवतो, भांगही दर वर्षी घेतो. मग या वेळीच असं का? आणि न्यायला हवं होतं का? खरं सांगा.

रात्रपाळी

१९ वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. न्यायलाच हवं होतं. तू मान वळवलीस, ते फार मोठं काम केलंस.

आता का झालं ते. गांजा ओढला तर काही मिनिटांत कळतो. भांग पोटातून यकृतात जाते, तिथे तिच्यातल्या टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, आणखी जोरकस रूप तयार होतं, मग ते डोक्यात पोहोचतं. याला अर्धा तास लागतो, कधी दोन तास. बारा वाजता त्याला चढली नव्हती, कारण ती अजून वाटेत होती. ती यायच्या आत त्याने अर्धा ग्लास आणि तीन बाटल्या चढवल्या. दीड-दोनच्या सुमारास सगळं एकदमच अंगावर आलं. दर वर्षी नुसती भांग घेतली असेल, किंवा भांग पातळ असेल. घोटलेल्या भांगेचा जोर दोन घरांत सारखा नसतो.

टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतात आणि बसलेला माणूस उभा राहिला की रक्तदाब घसरतो. दारूनेही रक्तवाहिन्या सैलावतात. त्यात ऊन, घाम, रिकामं पोट. म्हणून उठल्याबरोबर कोसळला. धडधड आणि मरणाची भीती ही भांगेची, गुंगी दोन्हींची.

मला सर्वांत जास्त भीती उलटीची वाटते. दारू जास्त झाली की शरीर ती ओकून टाकायला बघतं. टीएचसी मळमळ दाबतं. केमोथेरपीच्या रुग्णांना त्यासाठीच त्याचं औषध देतात. म्हणजे दारू आतच राहून मुरू शकते. आणि गुंगीत उलटी झालीच तर ठसका नीट येत नाही, ती श्वासनलिकेत उतरते. उताणा माणूस असाच जातो. कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा, तोंड किंचित जमिनीकडे. एकट्याला सोडायचं नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात लिंबू, दही, तूप, पाणी काही म्हणजे काही घालायचं नाही. अंघोळ घालूनही दारू उतरत नाही.

हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंद जात असतील, ओठ निळे पडले, आचके आले, तर १०८. वाट बघायची नाही. डॉक्टरांना काय, किती, किती वाजता घेतलं ते सरळ सांगायचं, झोपेच्या गोळ्यांसकट. एमएलसी (मेडिको-लीगल केस) झाली तरी ती रुग्णालयातली नोंद असते, गुन्हा दाखल होणं वेगळं. माझ्या इतक्या वर्षांत बेशुद्ध पोराला आणलं म्हणून आणणाऱ्याला कुणी धरलेलं मी पाहिलं नाही. उशिरा आणलेली पोरं मात्र पाहिली आहेत.

एक विचारते. पडला तेव्हा डोकं आपटलं का? नशेची झोप आणि डोक्यातला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात.

पुन्हा_सकाळ

मी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलोय, आता चार वर्षं झाली. माझं हेच मिश्रण होतं. आधी क्वार्टर, मग गच्चीवर गांजा. नुसती दारू असली की कुठे थांबायचं ते कळायचं, जीभ जड व्हायची. गांजा ओढला की ती जाणीवच जायची आणि मी पुन्हा ओतायचो. दोन्हींचं प्रमाण वाढलं ते असं, आणि मला वाटत राहिलं की मी दोन्ही थोडंथोडंच घेतो. भावाला एवढंच विचारा, धुळवड सोडून कधी घेतो का? रोजची दारू असेल तर एका दिवसात तोडायला लावू नका. झटके येऊ शकतात, डॉक्टर लागतात. १४४४६ या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

लाल_डबा

घरी कोण कोणाला सोडायला गेलं? मला त्याचीच काळजी. ब्रेथ अॅनालायझर दारूच दाखवतो (मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम), भांग दाखवत नाही. म्हणून पोरांना वाटतं एकच बिअर घेतली, चालेल. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर प्रयोग झाला, २०१५ मध्ये छापून आला. गांजाबरोबर थोडी दारू दिली तर रक्तातलं टीएचसी नुसत्या गांजापेक्षा जास्त निघालं आणि लेनमधलं डोलणंही वाढलं. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात अमली पदार्थही येतात. मी एसटी चालवतो, धुळवडीच्या दुपारी समोरून येणारी प्रत्येक दुचाकी बघून स्टिअरिंग घट्ट धरतो.

वर्धा_रोड

सिस्टर, तुमचं वाचलं आणि त्याला तसाच घेऊन गेलो. कानामागे टेंगूळ होतं, मी पाहिलंच नव्हतं. सीटी स्कॅन केलं, आत काही नाही. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, वेळेसकट. ते रागावले नाहीत.

दादा, तुमचा प्रश्न त्याला विचारला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, रूमवर शनिवारी असतं, जानेवारीपासून. बिअर आणि सिगारेटमध्ये भरून. मला काहीच माहीत नव्हतं. नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिलाय. मावशीला मी सांगणार नाही, तो म्हणाला मीच सांगतो, पण तू घरात थांब. रविवारी जातोय.

घरी सोडायला मीच गेलो होतो, लाल_डबा. एक ग्लास भांग पिऊन. तिघं मागे बसली होती.