अ‍ॅडम ब्लॅकबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयात एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीचा एक जुना खंड सापडला, चामडं सोलवटलंय, पानं कडेने पिवळी पडलीत पण आत प्रकाशकाचं नाव छान छापलंय: एडिंबरा, अ‍ॅडम अँड चार्ल्स ब्लॅक. मग या अ‍ॅडमबद्दल शोधत बसलो. १७८४ चा जन्म, बांधकामवाल्याचा मुलगा, कॉन्स्टेबल ही प्रकाशन कंपनी बुडाल्यावर ब्रिटानिकाचे हक्क घेतले, १८४३ ते ४८ एडिंबराचा लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणजे आपल्याकडचा महापौरच म्हणा, आणि १८५६ ला मेकॉलेच्या जागी खासदार! माणूस फार आवडला मला. पुढच्या महिन्यात वाचनालयात त्याच्यावर बोलायचंय, तर मराठीत कुणी काही लिहिलंय का? एडिंबरात कुणी असेल तर प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समधल्या त्याच्या पुतळ्याचा फोटो पाठवाल का प्लीज?