त्वचेचा टीबी नुसत्या नजरेने ओळखायचा?

कातळ: काल इथे एकाने ठासून लिहिलं: "चट्ट्यावर काचपट्टी दाबा, सफरचंदाच्या जेलीसारखा पिवळट-तपकिरी रंग दिसला की त्वचेचा टीबी. बायोप्सीचा खर्च कशाला?" वाचून राहवलं नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ती खूण बरेचदा दिसतच नाही. आणि सार्कॉइड नावाच्या वेगळ्याच आजाराच्या चट्ट्यातही ती दिसते, त्याचं काय?

माझ्या मामाच्या ढुंगणावर रुपयाएवढा चट्टा होता. लाजेपोटी कुणाला दाखवला नाही, मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून चोळत राहिला. ८ वर्षांत चट्टा तळहाताएवढा झाला. मी पाहिला तेव्हा एका बाजूला लालसर, जाड, खपल्यांची सरकती कड आणि दुसऱ्या बाजूला सुरकुतलेला पांढुरका वण. गजकर्ण असा वण ठेवून पुढे सरकत नाही. शेवटी बायोप्सीसाठी तुकडा काढला तेव्हा कुठे ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे त्वचेचा टीबी, कळला.

पाणकावळा: लिहिणारा मीच, आणि तालुक्याला २० वर्षं पेशंट बघतोय. तुकडा जिल्ह्याला जातो, रिपोर्ट तीन आठवड्यांनी येतो. त्यात काय? "ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) आहेत, लक्षणांशी ताडून पाहा." त्वचेत जंतू मोजकेच, ते स्लाइडवर सापडतात कुठे? मामांचे सापडले होते का? टीबीच्या गोळ्या सुरू करा, सहा आठवड्यांत उतार पडला की निदान झालं.

जास्वंद: डॉक्टर, हे वाचून फार राग आला. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात मी १४ वर्षं घरोघर फिरले आहे. रिफाम्पिसिन कुष्ठाच्या जंतूलाही मारतं. चट्टा ओसरला म्हणजे टीबीच होता, हे कशावरून? एका बाईच्या हातावरचा चट्टा टीबीचा म्हणून चालला होता. तिला डोळे मिटायला लावले, कापसाची वात टेकवली, म्हटलं जिथे लागतंय तिथे बोट ठेवा. चट्ट्यावर वात फिरत होती आणि बाई नुसती थांबून राहिली होती. कोपरामागची नस चाचपली तर दोरीसारखी जाड. दोन मिनिटांचं काम हो!

पाणकावळा: बरं, कापूस मान्य. मी दरवेळी करत नाही, हेही मान्य. पण तुमच्या खात्याने सगळे चट्टे कुष्ठाच्याच चष्म्यातून बघितले, तेही लिहा.

चाफा: मूळ दुखणं त्या ट्यूबचं आहे. स्टिरॉइड असतं त्यात. लाली दबते, खाज थांबते, रोग आत पसरत राहतो, आणि मग तज्ज्ञालाही चट्टा ओळखू येत नाही. माझ्या मुलीचं साधं गजकर्ण असंच वर्षभर लपलं. मेडिकलवाले सर्रास देतात.

गल्ला: माझं मेडिकल आहे, ऐकून घेणार नाही. बऱ्याच स्टिरॉइड मलमांना २०१८ पासून चिठ्ठी लागते, मी परत पाठवतो लोकांना. चिठ्ठीवर तीच ट्यूब कोण लिहितं?

चाफा: तुम्ही पाठवत असाल. आमच्या चौकात नाव सांगितलं की हातात ट्यूब.

गल्ला: मग त्या दुकानाची तक्रार करा, सगळ्यांना चोर ठरवू नका. जुनी चिठ्ठी घेऊन पाचव्यांदा येतात आणि नाही म्हटलं की शिव्या घालतात, तेही तुमच्याच चौकातले.

लॅबवाला: ट्यूब पुरे. तुकडा माझ्याकडे कसा येतो ते ऐका. अख्खा फॉर्मेलिनमध्ये! जंतू मेल्यावर कल्चर कशाचं लावू, वाढवू काय? तुकड्याचे दोन भाग करा, एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. कल्चरला ६ ते ८ आठवडे जातात, पण औषध लागू पडेल का तेही त्यातूनच कळतं. आणि पायावर चामखिळीसारखा खडबडीत चट्टा असेल तर त्यावरचे काळे ठिपके खरवडून पाठवा. पोटॅशच्या थेंबात तांब्याच्या नाण्यांसारख्या गोल पेशी दिसल्या की ती बुरशी, टीबी नव्हे. हे त्याच दिवशी सांगतो.

कातळ: नाही डॉक्टर, मामाच्या स्लाइडवर जंतू दिसला नव्हता. ग्रॅन्युलोमा, मॉन्टूची (हातावर टोचून करतात ती टीबीची चाचणी) मोठी गाठ आणि ६ महिन्यांच्या गोळ्यांनी पडलेला उतार, यावरच ठरलं. तेवढं तुमचं खरं. पण तुकडा गोळ्यांच्या आधी घेतला होता. आधी गोळ्या दिल्या असत्या तर कल्चरला काय उरलं असतं?

पाणकावळा: शुक्रवारी एक मुलगी येणार आहे. मानेतली गाठ फुटून दोन महिने पू वाहतोय. लॅबवाले, सलाइन किती घालू?

लॅबवाला: तुकडा बुडेल एवढंच. पू वेगळ्या निर्जंतुक बाटलीत घ्या, त्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूच्या जनुकांची चाचणी, करतो. आणि दुपारच्या एसटीने पाठवा, शनिवारवर ढकलू नका.