डोक्याला सतत घोर असताना कुतूहल टिकवता कसं तुम्ही लोक?

अंबडकर_८: नाशकात अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) कामाला आहे, कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार की नाही हे कुणी धड सांगत नाही, घराचे हप्ते चालू आहेत. परवा गाडीवरून घरी येताना पोरीने विचारलं, पप्पा चांदोबा आपल्यासोबत का पळतो. उत्तर मला माहीत नव्हतं ते ठीक आहे, पण जाणून घ्यावं असंसुद्धा वाटलं नाही, ते फार लागलं मनाला. आधी मी असा नव्हतो हो, घरातला रेडिओ खोलून बघायचो. कुणाचं असं झालंय का, आणि त्यातून परत ती गोडी कशी लागली? मोटिव्हेशनचे व्हिडिओ नकोत प्लीज.

गच्चीवरची_ताई: दादा, आधी पोरीचं उत्तर. चंद्र साधारण ३,८४,००० किमी लांब आहे, आपण सातपूरहून सीबीएस स्टँडपर्यंत आलो तरी त्याच्याकडे बघायची दिशा काही बदलत नाही, जवळची झाडं आणि खांब मात्र झपाझप मागे जातात, म्हणून वाटतं तो सोबत येतोय. पण नुसतं सांगू नका, तिला आधी जवळचा खांब बघायला लावा, मग लांबचा डोंगर, मग चंद्र, ती स्वतःच ओळखेल. आणि मे मध्ये २०-२१ तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला तिला अंगणात उभी करा. नाशकात त्या वेळी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली दिसतच नाही. जुलैतही एकदा येतो पण तेव्हा ढग असतात.

रोखठोक_सिडको: हे सगळं छान आहे पण हप्ता चंद्र भरत नाही. आधी एचआरला लेखी विचारा, दुसरीकडे अर्ज टाकून ठेवा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, लाजू नका.

निफाडचा_बागायतदार: भाऊ, आमच्या द्राक्षाच्या धंद्यात तर कायमच काही भरवसा नाही, अवकाळी आली की एका रात्रीत माल जातो, तरी मी टिकून आहे ते एका गोष्टीमुळे, ती सांगतो. एप्रिलला खरड छाटणी करतो तेव्हा वेलीवर नुसत्या काड्या राहतात, बघणाऱ्याला वाटतं बाग संपली. मग जी नवी फूट येते ना, तिच्या एकेका डोळ्याच्या (काडीवरच्या कळीच्या) आत उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाचा घड तयार व्हायला लागतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही काड्या लॅबला देतो, ते डोळा चिरून मायक्रोस्कोपखाली बघतात आत घड आहे का बाळी, म्हणजे द्राक्षं न धरणारा नुसता तंतू. मी पहिल्यांदा त्यात डोकावलो तेव्हा बोलताच येईना, बाहेरून वाळकी काडी आणि आत इवलासा घड! पुढे गारपीट होईल का, भाव मिळेल का, ते त्यात दिसत नाही, पण छाटणी कुठे घ्यायची ते कळतं आणि मी कामाला लागतो.

लेणी_भटका: अंबडहून पांडवलेणी किती जवळ आहेत, रविवारी चढून जा. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप (शक राजा) नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) २००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. म्हणजे वर्षाचे २४०, आणि पुढे लिहिलंय की वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. करा गुणाकार, बरोब्बर जमतो! जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा हिशोब दगडात कोरलाय, आणि गंगापूरकडे गोवर्धन गाव आजही आहे. मला नोकरी नव्हती तेव्हा मी त्या अक्षरांपुढे बसून ती जुनी ब्राह्मी लिपी शिकलो, काम नाही मिळालं त्याने, पण दिवस रिकामा गेला नाही.

अंबडकर_८: सगळ्यांचे आभार. रोखठोक भाऊ, एचआरला आजच मेल टाकला. खांब आणि डोंगराचा प्रयोग केला, पोरगी म्हणे मग सूर्यपण पळतो का, आता ते बघायचंय. बागायतदार भाऊ, तो डोळ्यातला घड पोरीला बघायला मिळेल का?

निफाडचा_बागायतदार: का नाही, सप्टेंबरमध्ये या. काड्या लॅबला द्यायच्या दिवशी सांगतो, सोबतच जाऊ. तिला बूट घालून आणा, बागेत चिखल असतो.