लेझर की फेसलिफ्ट? दोन डॉक्टर, दोन सल्ले. मदत हवी आहे

रानजाई:
नमस्कार मंडळी,

वय ५७. आरशासमोर उभी राहिले की कानाजवळची कातडी दोन बोटांनी मागे ओढून बघायची खोड लागली आहे. ओढली की जबड्याची कड सरळ होते, सोडली की पुन्हा लोंबते. ओठांवरच्या उभ्या रेघा मात्र ओढूनही जात नाहीत. (हसू नका, घरच्यांचं हसून झालंय.)

दोन ठिकाणी दाखवलं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, फ्रॅक्शनल सीओटू लेझरने (म्हणजे बारीक ठिपक्याठिपक्यांनी मारायचं लेझर) चेहरा घट्ट होईल. प्लास्टिक सर्जन म्हणाले, ढगळ सदऱ्याला इस्त्री करून तो अंगाला बसतो का? फेसलिफ्टच करा. दोघंही ठाम!

माझा रंग सावळा, आणि साधा डास चावला तरी दोन महिने काळा डाग राहतो. लेझरनंतर चेहराभर तसंच झालं तर? शिवाय बीपीची गोळी चालू आहे. कुणी यातलं काही करून घेतलंय का? "वय स्वीकारा" एवढं सोडून काहीही सांगा, ते मी स्वतःला रोज सांगते.

कापूसबोळा:
ताई, प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात बरीच वर्षं नर्स होते, त्यावरून सांगते. आरशात तुम्ही निम्मं निदान करूनच आलात. ओढल्यावर जातं ते सर्जनचं काम, ओढूनही राहतं ते लेझरचं.

सीओटू लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. त्याचा प्रकाश त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो, वरच्या थराची वाफ होते आणि खाली पोचलेल्या उष्णतेने पुढचे काही महिने नवं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार होत राहतं. पण हे सगळं कातडीच्या जाडीतच. तुमचं लोंबतंय ते त्याच्या खालचं. फेसलिफ्टमध्ये कातडीखालचा एसएमएएस नावाचा पडदा उचलून घट्ट करतात. नुसती कातडी ताणली तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि वण रुंदावतात.

डागांची भीती रास्त आहे. सावळ्या त्वचेत लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका खराच जास्त. १५५० नॅनोमीटरचं वेगळं लेझर मिळतं, ते वरचा थर शाबूत ठेवतं, त्यामुळे तो धोका कमी होतो, जात नाही. बैठका जास्त लागतात आणि खोल रेघांवर फरक बेताचाच, हेही धरून चाला. आधी कानापुढे एक ठिपका करून बघायला सांगा आणि दीड-दोन महिने थांबा. घाई करणारा डॉक्टर असेल तर उठून या.

बीपीचं मात्र हलक्यात घेऊ नका. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त दिसणारी भानगड म्हणजे कातडीखाली रक्त साकळणं, आणि बीपी चढला की ते वाढतं. गोळी मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारं काही घेत असाल तर तेही आधी सांगा.

रानजाई:
मनापासून आभार. दोन्ही एकदमच उरकता येतं का? पुन्हा पुन्हा धीर होणार नाही.

कापूसबोळा:
उचललेल्या कातडीचा रक्तपुरवठा त्या दिवशी आधीच कमी झालेला असतो, म्हणून गालांवर त्याच वेळी जोरकस लेझर सहसा टाळतात. ओठांभोवतीची कातडी उचललेली नसते, तिथे बरेच सर्जन त्याच बैठकीत करतात. पण ताई, आधी तो ठिपका.